डॉक्टरकीची बोलणी

“मुलगा निर्व्यसनी हाय, दुकान बरं चाललंय, घरातली माणसं सरळ हायती. पण एक आधीच सांगून ठेवतो. हा बोलायला लागला की थांबत न्हाय.”

माझ्या लग्नाच्या बैठकीत माझ्याविषयी काढले गेलेले हे पहिले उद्गार. काढले तात्यांनी, आणि तात्या आमच्याच बाजूने आले होते! माझ्या वडिलांच्या हातातली बशी कलली. होऊ घातलेले सासरे पंख्याकडे बघू लागले. तेवढ्यात आतल्या दारामागून मुलीचा आवाज आला, “बोलू द्या की. मधीमधी थांबून दुसऱ्याचं ऐकत्यात का, तेवढं इचारा.”

तात्या माझ्याकडे वळले. “ऐकतो का रं?”

मी दुसऱ्याचं किती मन लावून ऐकतो, हे मी त्या बैठकीला सविस्तर समजावून सांगितलं. पोहे गार झाले. मुलीकडची, वडगावची दोन माणसं उठून तंबाखू थुंकून आली. शेवटी दारामागून खुसखुस ऐकू आली आणि लग्न ठरलं. संसाराला इतकी वर्षं झाली, मी गोष्ट सांगायला लागलो की बायको अजून तशीच खुसखुसते.

तात्या बारामतीच्या एस.टी. आगारात कंट्रोलर होते. फलाटावरच्या केबिनमध्ये माईक धरून त्यांनी नोकरी काढली आणि तोच आवाज घेऊन ते निवृत्त झाले. जेवताना घरात मीठ मागितलं तर शेजारची बाई वाटी घेऊन येई. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, आणि बाराही महिने कॉलरला मागून अडकवलेली छत्री. केबिनच्या खिडकीतून त्यांनी अख्खा तालुका चढता-उतरता पाहिला होता. म्हाताऱ्याला जागा कोण देतं, बायकोला पिशव्यांसकट मागे सोडून पुढे कोण पळतं, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यातूनच सोयरिकी जुळवायचा नाद लागला.

त्यांची पद्धत कुठल्याच मध्यस्थासारखी नव्हती. स्थळ बघायला ते न सांगता जात, आणि पुढच्या दाराने कधीच नाही. आधी मागे गोठ्याकडे. “घरातल्या सुनेला बघून गाय मागं सरली, की मी चहा न पिता उठतो,” ते म्हणत. “गाईला काय नाटक करता येतंय व्हय?” गाय पुढे आली तरच तात्या घरात पाऊल टाकत. आणि बैठक बसली की आधी आपल्याच माणसाची खोड सांगत. “शेवटी कळली तर ती फसवणूक. आधी सांगितली तर ओळख.”

यात किती स्थळं मोडली असतील याचा हिशोब नको. पण जुळली ती अशी, की अजून उदाहरण देतात. कऱ्हाटीला एका मुलासाठी मुलगी बघायला गेले आणि बसल्या बसल्या म्हणाले, “पोराला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय.” मुलाची आई पदर तोंडाला लावून रडायच्या बेतात. मुलीने चहाचा ट्रे खाली ठेवला, जागा बदलली, मुलाच्या उजव्या हाताला जाऊन बसली आणि म्हणाली, “आता बोला.” तात्या ही गोष्ट सांगताना दर वेळी उठून, जागा बदलून, बसून दाखवत.

असा हा माणूस अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांशी बोलणी करील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी... तर मी बोलतच राहिलो असतो, नाही का? असो.

सई माझी भाची. माझी बहीण इंदापूरकडे दिलेली. मेहुणे इंजिनिअर, नोकरीसाठी अमेरिकेला गेले ते तिकडचेच झाले. सई तिकडे जन्मली, वाढली, पण मराठी फर्डी बोलते. तिच्या इंदापूरच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, पंचाहत्तरीला सगळे आले होते. आईबाप परतले, सई मागे राहिली. आबांच्या बागेत इंटरनेट धड नाही म्हणून मुक्काम बारामतीत माझ्याकडे. दिवसभर माझ्या ठिबक सिंचनाच्या दुकानात माळ्यावरच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली, आणि चेहरा असा, की पाईप घ्यायला आलेली गिऱ्हाइकं मला हळूच विचारत, “पाव्हणीला बरं न्हाय का?”

तिकडे डॉक्टर व्हायचं तर आधी साधी पदवी घ्यायची आणि मग मेडिकलला अर्ज करायचा. सगळ्या कॉलेजांना मिळून एक अर्ज. तो गेला की प्रत्येक कॉलेज स्वतःचे वेगळे प्रश्न पाठवतं, आणि प्रत्येकाला निबंध लिहून उत्तर द्यायचं. सगळे प्रश्न एकदमच येतात आणि उत्तरं झटपट हवी असतात. मागच्या वर्षी सईने सगळं केलं होतं. एकाही कॉलेजने मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. यंदा मेहुण्यांनी सांगून टाकलं होतं, “हे शेवटचं. नाही झालं तर दुसरं काहीतरी निवड.” आणि सईला दुसरं काहीच नको होतं.

तात्या फिल्टरची जाळी बदलून घ्यायला आले तेव्हा पोरगी डोळे पुसत होती. ते जिना चढून वर गेले. “काय गं, कोण काय म्हनलं?”

“कुणी काही नाही तात्या. कॉलेजचे प्रश्न आहेत.”

“वाच बघू.”

सईने एकेक प्रश्न मराठीत करून सांगितला. “तुम्हाला आमच्याच कॉलेजात का यायचंय?”

“हे तर पोरीचा बाप इचारतो. आमचंच घर का?”

“पदवीनंतरचं मधलं वर्ष कसं घालवलंत?”

“हे तर हमखास! मधलं वर्ष म्हनलं की समदे कान टवकारत्यात.”

“तुमच्या येण्याने आमच्या वर्गात काय भर पडेल?”

तात्यांची मान ताठ झाली. “हुंडा मागत्यात व्हय?”

“नाही हो! अनुभव, स्वभाव, असं काहीतरी.”

“हां. मग सभ्य घर हाय. म्होरं?”

“तुमचं एखादं अपयश सांगा. त्यातून काय शिकलात?”

तात्यांनी छत्री कॉलरवरून काढून टेबलावर ठेवली. ही खूण मला ठाऊक होती. स्थळ हाती घेतलं की छत्री खाली येई. “शेठ,” ते वरूनच गरजले आणि खाली दोन गिऱ्हाइकं दचकली, “ही बोलणी हायती! बायोडाटा पोचलाय, आता बैठक चाललीय. पोरीला कुणी सांगितलंच न्हाय!”

मग तिने काय लिहिलं होतं ते त्यांनी तिच्याकडून मराठीत वाचून घेतलं. डॉक्टरच का व्हायचंय, या प्रश्नावरचा सईचा निबंध असा होता: भारतातल्या एका दुष्काळी, मागासलेल्या खेड्यात माझ्या आजोबांना डॉक्टर मिळाला नाही, त्यांचे हाल पाहून मी ठरवलं की मी डॉक्टर होणार.

“कुठलं गाव हे?” तात्यांनी विचारलं.

“आबांचं.”

तात्यांनी टेबलावरची छत्री हातात घेतली. मग म्हणाले, “चल.”

त्याच दुपारी मी दुकान बायकोवर सोडून दोघांना गाडीत घालून इंदापूरकडे निघालो. आबांची डाळिंबाची बाग कॅनॉलला लागून. आबा शेडमध्ये प्रतवारी बघत बसले होते, मोठं फळ एकीकडे, डागाळलेलं दुसरीकडे. तात्यांनी सईला सगळं मराठीत करून मोठ्याने वाचायला लावलं. ‘दुष्काळी’ शब्द आला आणि आबांच्या हातातलं डाळिंब खाली ठेवलं गेलं.

“दुष्काळी? माझी बाग?” ते उठून उभेच राहिले. “हिला म्हनावं, पाट बघ! मोटर बघ! आन् डॉक्टर मिळाला न्हाय हे कुणी सांगितलं? इंदापुरात हायती, बारामतीत तर गल्लोगल्ली हायती. मीच जात न्हाय!”

“का जात नाही, आबा?” सईने विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला असावा, कारण उत्तर तिला ठाऊकच होतं असं तिला वाटत होतं.

“तो माझ्याकडं बघत न्हाय. पडद्याकडं बघतो. मी गुडघ्याचं सांगत असतो, तो टकटक करत असतो. वर मान करून ‘हां बाबा, पुढं’. अगं, मी काय त्या डब्याला दाखवायला आलोय का गुडघा?”

सईने लॅपटॉप मिटला. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. “मधल्या वर्षात काय करत होतीस, सांगितलं न्हाईस.”

“काही विशेष नाही,” ती म्हणाली. “एका दवाखान्यात होते. डॉक्टर पेशंटशी बोलत असताना मी शेजारी बसून सगळं कॉम्प्युटरवर टिपायचे. साधं काम आहे. म्हणून मी ते एका ओळीत उरकलं.”

“कशापायी ठेवत्यात असं माणूस?”

“डॉक्टरांना टाईप करायला लागू नये म्हणून. म्हणजे त्यांना...” आणि पोरगी थांबली. मला ती थांबलेली जागा अजून दिसते. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं, बायका फळं पुसत होत्या. “म्हणजे त्यांना पेशंटकडे बघता यावं म्हणून.”

“आगं मग!” आबा ओरडले. “असली एक पोरगी हितं का ठेवत न्हाईत?”

मागासलेलं खेडं त्याच शेडमध्ये पुसलं गेलं. सईने नवा निबंध तिथेच, डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटवर बसून लिहिला: माझ्या आजोबांच्या गावात पाणी आहे, डॉक्टर आहेत, तरी ते डॉक्टरकडे जात नाहीत, आणि का ते मी वर्षभर रोज पाहत होते. तात्यांनी एक शब्द सुचवला नाही. त्यांना एस.टी.च्या पाट्यांपलीकडे इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचा त्यांना तसूभर संकोच नव्हता. ते फक्त विचारत. एकच प्रश्न पुन्हापुन्हा. “मग काय झालं?”

पेच पडला तो खोडीवर. अपयशाच्या प्रश्नाला सईने लिहिलं होतं, मी प्रत्येक काम अतिशय बारकाईने करते, त्यामुळे स्वतःला फार त्रास करून घेते.

“ही खोड न्हाय, ह्यो दागिना हाय,” तात्या म्हणाले. “खोड दाखव.”

दोन दिवस तिने दागिनेच दाखवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आमच्या गच्चीवर, माझी बायको ताक देत होती तेव्हा ती बोलायला लागली. दवाखान्यात एक म्हातारी बाई येत. फार बोलत. कुत्र्याचं, बहिणीचं, हवेचं. एकदा डॉक्टर मिनिटभर बाहेर गेले, बाईंचं चालूच होतं, आणि सईने कंटाळून कीबोर्डवरची बोटं उचलली. त्या बडबडीत बाई सांगून गेल्या होत्या की स्वतःच्या गोळ्या संपल्या म्हणून त्या बहिणीच्या गोळ्या घेतायत. ते टिपलं गेलंच नाही. पुढच्या खेपेला नर्सच्या लक्षात आलं. बाईंना काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. सई स्वतः डॉक्टरांकडे जाऊन म्हणाली, हे माझ्यामुळे राहिलं.

“हे लिही,” तात्या म्हणाले.

मी ओरडलोच. “तात्या, काहीतरी काय! पेशंटच्या जिवाशी खेळलेली पोरगी कोण घेईल?” बहिणीला फोन लावला, तिने तिकडून आणखी वरचा सूर लावला. “त्यांना सांग दादा, हे लग्न नाही!”

फोन स्पीकरवर होता. तात्या वाकून म्हणाले, “तेच तर म्हंतोय बाई. लग्नात लई तर एक नवरा फसतो. हितं खोड लपवली तर पेशंट फसतील.”

“आणि नाही घेतलं कुणी तर?” बहिणीचा आवाज फुटला. “हे तिचं शेवटचं वर्ष आहे तात्या.”

तात्या सईकडे हात करून म्हणाले, “ती ठरवंल. बैठकीला ती बसायची हाय, आपुन न्हाय.”

सईने ताक संपवलं. उठून गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली, परत आली, आणि आम्हा सगळ्यांसमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन टाईप करायला लागली. लिहून झाल्यावर म्हणाली, “मामा, मी हेच पाठवते. यावर नाही म्हणाले तर निदान मला नाही म्हणाले असं होईल. मागच्या वर्षी कुणाला नाही म्हणाले तेच मला कळलं नव्हतं.” आणि बटण दाबलं. माझ्या बायकोने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी ताकाचे पेले गोळा केले.

आता उरला पहिला प्रश्न, आमचंच कॉलेज का. सईला कॉलेजांची लांबलचक नावं तोंडपाठ. तात्यांनी त्यांचं बारसं करून टाकलं: समुद्राकाठचं स्थळ, बर्फातलं स्थळ, आणि सईचा जीव जिथे अडकला होता ते सफरचंदाचं स्थळ, कारण त्या मुलखात सफरचंदाच्या बागाच बागा. सईने लिहिलं होतं, आपलं कॉलेज अत्यंत नामांकित असून येथील प्राध्यापक थोर आहेत.

“हे तर पत्रिकेवरचं ‘प्रतिष्ठित घराणं’ झालं,” तात्या म्हणाले. “चौकशी कोण करनार?”

आणि त्यांनी ती केली! आगारातल्या एका जुन्या कंडक्टरचा पुतण्या त्याच राज्यात मालट्रक चालवतो, हे त्यांना तासाभरात कळलं. व्हिडिओ कॉल लागला. तात्यांना फोनवर ओरडायची गरज नसते हे आजवर कुणी पटवू शकलेलं नाही.

“त्या कॉलेजच्या दवाखान्यात कधी गेलतास का रं?”

“एकदा तात्या, पाठ धरली तवा.”

“मागच्या दारानं काय चालतं तितं?”

पुतण्या चक्रावला. मग विचार करून म्हणाला, “मागनं गाड्या निघत्यात. बागंत सफरचंदं तोडायला बाहेरनं मजूर येत्यात ना, त्यांच्या वस्तीवर कॉलेजची पोरं जात्यात तपासायला. आमच्या ओळखीचा एक हाय बागंतला, तो म्हंतो, बसून बोलत्यात. घाई करत न्हाईत.”

तात्यांनी सईकडे असं पाहिलं, जणू गोठ्यातली गाय पुढे आली. सईने कॉलेजच्या साईटवर शोधलं. गाड्यांचा तो उपक्रम होता, एका कोपऱ्यात, कुणाच्या डोळ्यात भरू नये असा. तिने उत्तर लिहिलं: तुमच्याकडे बागेतल्या माणसांजवळ बसून ऐकतात, आणि मी बागेतल्या माणसांची नात आहे.

सई परत गेली, पुन्हा त्याच दवाखान्यात टिपायच्या कामाला लागली. ऑक्टोबरपासून एकेक बोलावणं यायला लागलं. सफरचंदवाल्यांनी मुलाखतीत बाकी सगळं बाजूला ठेवून एकच गोष्ट विचारली. समोरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्या पेशंट बाई अजून येतात का?” सई म्हणाली, “येतात. आता त्यांच्या कुत्र्याचं नावसुद्धा मला माहीत आहे, आणि ते टिपलेलं आहे.” डॉक्टरबाई हसल्या म्हणे. ते ऐकून तिकडे माझी बहीण रडली आणि इकडे मी बायकोला सांगितलं की झालं, जमलं. बायको म्हणाली, “मुलाखतीत हसणं म्हंजे होकार न्हवं. मी पण हसले होते, आन् मग पंधरा दिवस विचार केला होता.” हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण जमलं! सफरचंदाचं जमलं, वर समुद्राकाठच्यांनीही होकार कळवला. सईचा फोन आला तेव्हा मी पाईप कापत होतो. पुढचा पाईप कुणाच्या मापाचा कापला ते मला आजही सांगता येणार नाही. आबांनी बागेत हलगी बोलावली. फळं पुसणाऱ्या बायका नाचल्या, आबा त्या गुडघ्यांवर नाचले, आणि तात्यांना मधोमध खुर्चीवर बसवून त्यांच्यापुढे ताट आणलं. त्यात टॉवेल आणि पांढरी टोपी. आमच्याकडे सोयरीक जुळली की मध्यस्थाला असा मान द्यायची रीत आहे.

तात्यांनी टॉवेल खांद्यावर घेतला. टोपी मात्र परत ताटात ठेवली.

“का वं तात्या, लहान झाली का?” आबांनी विचारलं.

“लहान न्हाय. मध्यस्थाला मान दोन्हीकडनं असतो. एकट्या पोरीकडचा घेऊन टोपी घातली तर मी एकतर्फी ठरतो. पलीकडच्यांचं येऊ द्या.”

“पलीकडचे म्हंजे कॉलेज?” आबा हलगीच्या वर ओरडले. “ते कुठनं देत्यात?”

“देतील न देतील. घराची रीत कळंल.”

आम्ही हसलो. पण तात्या हटले नाहीत. त्या दिवसापासून दर लग्नात, दर बैठकीत ते बोडक्या डोक्याने येत आणि कुणी विचारलं तर सांगत, “एक मान यायचा हाय.” लोकांना वाटे, म्हातारा खुळावला. मी सईला हे फोनवर रंगवून रंगवून सांगितलं. ती नुसती “बरं” म्हणाली.

तिचं कॉलेज सुरू झालं, आणि थोड्या दिवसांनी माझ्या दुकानाच्या पत्त्यावर तात्यांच्या नावाचं पार्सल आलं. आत निळी, पुढे लांब पाखी असलेली टोपी, कपाळावर कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरात भरलेलं. सोबत सईचा फोटो, पांढऱ्या कोटात, शेजारी त्याच मुलाखतीतल्या डॉक्टरबाई. सईने त्यांना रीत समजावून सांगितली होती, आणि टोपी बाईंनी आपल्या हाताने दिली होती.

तात्यांनी आधी आबांकडून ताटातली ती पांढरी टोपी मागवून घेतली आणि ती घालून, काढून, नीट घडी करून खिशात ठेवली. मग निळी चढवली. छत्री कॉलरला, टॉवेल खांद्यावर, आणि पाखी बरोबर नाकाच्या रेषेत. तशाच थाटात ते भर बाजाराच्या दिवशी आगारातून चालत गेले. कंडक्टर खिडक्यांतून वाकले. फलाटावरचा एक ओळखीचा पैलवान हसत पुढे आला. “तात्या, या वयात हे काय डोक्यावर?”

“पलीकडच्यांचा मान,” तात्या म्हणाले, आणि माईक नसतानाही ते इंदापूरच्या गाडीत बसलेल्या शेवटच्या बाईला ऐकू गेलं. “उशिरा दिला, पण रीत पाळली. पोरगी चांगल्या घरात पडली.”